काकांच्या आरएम१२५ ची टीम रेप्लिका करायची असेल तर स्टिकर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कळव्याला काकांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुझुकी आरएम१२५ (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, म्हणजे मोटोक्रॉसची, १२५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी) वीसेक वर्षं पडून आहे, काकांनी ती आखातातून येताना आणली होती, बहुतेक ८२ ची, इंजिन जाम. पुतण्याला तिची मोटोक्रॉसचा वर्ल्ड चॅम्पियन एरिक गेबोअर्स याच्या सुझुकी टीमच्या गाडीसारखी रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल, करायची आहे. स्टिकर किट आणि पिवळ्या नंबर प्लेट मागवून झाल्यात. फ्रेम सरळ पावडर कोटिंगला टाकू का, आणि प्लगच्या भोकातून डिझेल ओतून किक मारत राहिलो तर इंजिन सुटेल का, असं विचारलंय.

आधी किकवरून पाय काढ. बाकी सगळं नंतर बोलू.

टू-स्ट्रोक गाडी बंद पडून राहिली की केसमधलं पेट्रोल उडून जातं, तेलाचा चिकट थर उरतो आणि आपल्या खाडीकाठच्या हवेतलं पाणी हळूहळू खाली क्रँकपाशी जाऊन बसतं. फोर-स्ट्रोकसारखं तिथे तेलाचं तळं नसतं ना, जे काही संरक्षण मिळतं ते पेट्रोलबरोबर आलेल्या तेलाचं, ते वीस वर्षांपूर्वीच संपलं. म्हणजे मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग दोन्ही गंजलेली आहेत असं धरूनच चाल. वरती पिस्टनची रिंग स्लीव्हला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरून बसलीय. अशात जोरात किक मारली तर रिंगचं टोक पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीच्या, कडेला अडकून मोडतं आणि तो तुकडा स्लीव्हवर असा ओरखडा काढतो की जी स्लीव्ह नुसत्या होनिंगवर (हलक्या घासणीवर) वाचली असती ती आता बोअर करावी (आतून कापून मोठी करावी) लागते. डिझेल ओतायला हरकत नाही, पण हेड काढून, पिस्टनच्या कडेने, डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं, चार-पाच दिवस तसंच राहू दे, रोज थोडं थोडं टाकत. मग पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोक. सुटलं तरी फुल इंजिन खोलायचंच आहे, क्रँक न बघता चालू करायची नाही हे पक्कं.

आता रेप्लिकेचं. तू स्टिकर आधी मागवलेस, जवळजवळ सगळे तेच करतात, पण रेप्लिकेची सुरुवात फोटोपासून होते. एक वर्ष, एक रायडर, आणि जमलं तर एकाच शर्यतीचे फोटो, डावीकडून, उजवीकडून आणि मागून. गेबोअर्स १९८२ आणि १९८३ असा दोन्ही वर्षी सुझुकीवर १२५ सीसी क्लासचा वर्ल्ड चॅम्पियन होता, आणि त्या दोन वर्षांच्या गाड्या एक नाहीत. अर्धी ८२ ची आणि अर्धी ८३ ची अशी गाडी झाली की माहितगार माणूस लांबूनच ओळखतो. तसा रायडर तू जबरदस्त निवडलास, पुढे होंडावर १९८७ ला २५० चं आणि १९८८ व १९९० ला ५०० चं टायटल घेऊन तिन्ही क्लास जिंकणारा तो पहिला, म्हणूनच त्याला मिस्टर ८७५ म्हणायचे, १२५ अधिक २५० अधिक ५००. आणि सुझुकीने तर १९७५ ते १९८४ सलग दहा वर्षं १२५ चं जागतिक विजेतेपद कोणाला दिलंच नाही, त्यामुळे काकांची गाडी त्या खानदानातली आहे हे डोक्यात ठेवून हात लाव.

त्या पिवळ्या नंबर प्लेट परत कर. जागतिक स्पर्धेत त्या काळी १२५ ला काळ्या प्लेटवर पांढरा आकडा, २५० ला हिरव्यावर पांढरा आणि ५०० ला पिवळ्यावर काळा असायचा. गाडी पिवळी म्हणून प्लेट पिवळी असं होत नाही. इतर सगळं अचूक करून प्लेट चुकली तर गाडी ५०० क्लासची दिसते.

अजून एक गोष्ट आत्ताच समजून घे. टीमची जी गाडी होती ती आरए१२५, फॅक्टरीत हाताने बनवलेली, टायटॅनियम आणि मॅग्नेशियमचे पार्ट असलेली. दुकानात विकली गेली ती आरएम. तुझी आरएम आहे आणि ती आरएमच राहणार. रेप्लिकेत आपण काय आणू शकतो तर गाडीची उभं राहण्याची ढब, हँडलचा कोन, सीटच्या कव्हरचा रंग आणि शिवण, केबल कुठून कशी वळवलीय, पाइपचं फिनिश, प्लेटचा आकार. हे जमलं तर बघणाऱ्याला बरोबर तो काळ दिसतो. अॅल्युमिनियमचे पार्ट घासून, रंगवून टायटॅनियमसारखे दाखवायचे प्रकार मला मुळीच पटत नाहीत, तू करू नकोस.

गाडी नक्की कुठल्या सालची ते काकांच्या आठवणीवर सोडू नको. सुझुकीची अक्षरं असतात, १९८० ला टी, ८१ ला एक्स, ८२ ला झेड, ८३ ला डी. बाहेरचे पार्टवाले याच अक्षराने बोलतात, आरएम१२५ झेड असं. १९८१ ला १२५ मध्ये पाण्याचं कूलिंग आणि मागे एकच शॉकअप असलेलं फुल फ्लोटर सस्पेन्शन आलं, त्यामुळे तुझ्या गाडीला मागे दोन शॉकअप आणि सिलिंडरला हवेचे फिन असतील तर ती ८० ची किंवा त्याआधीची आहे, मग गेबोअर्स विसर आणि हॅरी एव्हर्ट्सची १९७९ किंवा ८० ची गाडी कर, तोही त्या दोन्ही वर्षी सुझुकीवर १२५ चा चॅम्पियन होता. फ्रेम नंबर स्टिअरिंगच्या मानेवर ठोकलेला असतो, वायर ब्रशने नाही, रॉकेल आणि कापडाने पुस.

खोलताना दर स्टेपला फोटो काढ, बोल्ट ज्या पार्टचे त्याच पार्टबरोबर पिशवीत, वर चिठ्ठी. आणि काहीही फेकायचं नाही. फाटलेली सीट, तुटलेलं मडगार्ड, जुना क्लच लिव्हर, गंजका बोल्टसुद्धा. सीटचं जुनं कव्हर हाच नवीन कव्हरचा कागदी नमुना, तुटलेल्या मडगार्डवरून भोकांची मापं मिळतात, आणि जुन्या बोल्टच्या डोक्यावरचा मार्क बघून तो किती ताकदीचा ते कळतं. शिवाय ती काकांची गाडी आहे. त्यांनी स्वतः काही बदललं असेल, हँडलला वेल्डिंग केलं असेल, फूटपेग वाकवला असेल, तर ते पार्ट तसेच वेगळ्या खोक्यात ठेव. रेप्लिकेसाठी फ्रेमवर काही कापू नको, नवीन भोक पाडू नको. उद्या कोणाला ती परत काकांची गाडी करावीशी वाटली तर करता आली पाहिजे.

खोलताना सगळ्यात जास्त त्रास फुल फ्लोटर देणार. साध्या गाडीत शॉकअपचं एक टोक फ्रेमला बांधलेलं असतं, यात दोन्ही टोकं हलती, खालचं टोक चिमट्यावर म्हणजे स्विंगआर्मवर आणि वरचं टोक एका रॉकरवर, तो रॉकर दोन बाजूच्या दांड्यांनी परत चिमट्यालाच जोडलेला. कल्पना डोनाल्ड रिचर्डसन नावाच्या अमेरिकन माणसाची, पुढे त्यावरून सुझुकीविरुद्ध अमेरिकेत कोर्टात मोठी केस झाली. त्या काळी याच्याइतकं मऊ मागचं सस्पेन्शन दुसऱ्यांकडे नव्हतं, पण त्यात नीडल बेअरिंग बरीच आणि ती सगळी चिखलाच्या तोंडाशी. वीस वर्षांनी पिव्होटचा स्टीलचा बोल्ट आतल्या बुशला धरून एकजीव झालेला असतो. हातोड्याने मारू नको, बोल्टचं टोक पसरतं आणि मग तो कुठूनच निघत नाही. रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल, आठवडाभर, मग हॉट एअर गनने आजूबाजूचं अॅल्युमिनियम गरम कर, गॅसची ज्योत लावू नको, आणि बोल्ट बाहेर ओढायच्या आधी जागेवरच पान्याने थोडा थोडा फिरवायला बघ. फिरला की निघाला. नाहीच फिरला तर चिमटा आणि फ्रेम तशीच वागळे इस्टेटला प्रेसवाल्याकडे ने, घरी झटापट नको.

शॉकअप स्वतः खोलू नको. वरच्या डब्यात नायट्रोजन असतो, साधारण १० बार, न सोडता खोललं तर टोपी बंदुकीच्या गोळीसारखी उडते. टायरच्या दुकानातल्या नायट्रोजनचं प्रेशर याला पुरत नाही, गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर असलेला शॉकअपवाला शोधावा लागतो.

फ्रेम पावडर कोटिंगला सरळ टाकू का, तर नाही. पावडर जाड बसते, क्रॅक झाकते, मानेवरचे आकडे बुजवते, आणि मुळात त्या काळच्या फ्रेमवर असं जाड प्लास्टिकसारखं फिनिश नव्हतंच, रंग होता. आधी जुना रंग काढ, मग डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, रंगाने क्रॅक शोधायची) कर. एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे ते लाल-पांढऱ्या स्प्रेचं किट असतं, लाल मारायचा, पुसायचा, पांढरा मारायचा, क्रॅक असेल तिथे लाल रेघ उमटते. मोटोक्रॉसच्या फ्रेमला मान, फूटपेगचे ब्रॅकेट आणि चिमट्याच्या पिव्होटची जागा या तीन ठिकाणी हमखास बघ. वेल्डिंग करायचं तर आर्गनवाल्याकडूनच, आणि इंजिनचे माउंट बोल्ट लावून, नाहीतर फ्रेम खेचली जाते. नंतर इपॉक्सी प्रायमर आणि टू-पॅक रंग. आणि हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कर, पावसाळ्यात ठाण्यात रंग मारला की दमटपणामुळे त्याच्यावर पांढुरकी झाक येते, मग परत घासून परत मारा.

आता धातूंबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझं इथे मोठं नुकसान झालंय. अनेक वर्षांपूर्वी एका रेसगाडीचं मॅग्नेशियमचं साइड कव्हर मी इतर पार्टबरोबर एका प्लेटिंगवाल्याकडे साफ करायला दिलं, त्याला सांगायचं राहिलं, त्याने सगळ्यांबरोबर अॅसिडच्या टाकीत सोडलं. संध्याकाळी गेलो तर जाळी हातात आली. ते कव्हर मला परत कधीच मिळालं नाही आणि ती गाडी अजून दुसऱ्या गाडीच्या कव्हरवर उभी आहे. तर नियम सोपा आहे, मॅग्नेशियमला अॅसिड खातं, अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खातो. पार्ट कशाचा आहे ते कसं ओळखायचं, तर मॅग्नेशियम हातात घेतलं की त्याच मापाच्या अॅल्युमिनियमपेक्षा लक्षात येईल इतकं हलकं लागतं, आणि आतल्या बाजूला, जिथे पॉलिश नाही तिथे, पांढरी-करडी पावडर धरते. एक थेंब व्हिनेगर टाकलास तर लगेच बुडबुडे येतात, अॅल्युमिनियमवर तसे येत नाहीत. अशा पार्टवर ओळखपट्टी बांध आणि फक्त रॉकेल, नायलॉन ब्रश आणि साबणाचं पाणी, धुऊन लगेच कोरडं.

बोल्ट-नटांना यलो झिंक करून घे, रबाळे-तुर्भे पट्ट्यात हे काम होतं, मूळ जपानी बोल्टवरची ती सोनेरी-हिरवट झाक यलो पॅसिव्हेशननेच येते, चकचकीत क्रोम अजिबात नको. पण अॅक्सल, पिव्होट, ब्रेकचे बोल्ट असे हाय टेन्साइल असतील तर प्लेटिंगवाल्याला आधी सांगून ठेव की प्लेटिंग झाल्या झाल्या १९० अंशाच्या आसपास चार तास ओव्हनमध्ये ठेवायचे आहेत. अॅसिडमधून हायड्रोजन स्टीलच्या आत शिरतो आणि बोल्ट वरून नवा दिसतो पण जंप मारून खाली आलास की काचेसारखा तुटतो. जो प्लेटिंगवाला बेकिंग म्हटल्यावर हो म्हणत नाही त्याच्याकडे हे बोल्ट देऊच नको, त्यापेक्षा काळेच ठेव आणि तेल लावत जा.

फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग, त्यात काही नवल नाही, आपल्याकडे हायड्रॉलिकच्या रॉडला रोज होतं.

इंजिन. स्लीव्हला चुंबक लाव, घट्ट चिकटलं तर लोखंडी स्लीव्ह, बोअर होते. नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमवर प्लेटिंग आहे, ती बोअर करायची नसते, लेथवाला कितीही म्हणो. पिस्टन मिळाल्याशिवाय बोअर करू नको, पिस्टन हातात ठेवून त्याच्या मापाला बोअर होतो. सुझुकीच्या पार्ट नंबरमध्ये पहिले पाच आकडे पार्ट काय ते सांगतात, १२१११ म्हणजे पिस्टन, आणि पुढचे पाच तो कुठल्या मॉडेलसाठी आला ते, त्यामुळे एकच पार्ट दोन-तीन वर्षं चालला का हे नुसते नंबर शेजारी ठेवून कळतं आणि शोधाची जाळी मोठी होते. मेन बेअरिंगसाठी परदेशात पैसे घालवू नको, जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर चांगल्या कंपनीचा इथल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतो, फक्त सी३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त फट असलेलं, माग. ऑइल सीलचं आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी लिहून ने. बाहेरून आणावंच लागेल ते म्हणजे पिस्टन, रिंग, कनेक्टिंग रॉडचं किट, गॅस्केट आणि फुल फ्लोटरची बुशं, आणि ते एकाच पार्सलमध्ये मागव, शिपिंग आणि कस्टम ड्युटी मिळून कधी कधी पार्टच्या किमतीला भिडतात.

क्रँक प्रेस करून परत जुळवायला यामाहा आरएक्स१०० वाल्यांचा मिस्त्री गाठ. ही माणसं आपल्याकडे अजून आहेत आणि टू-स्ट्रोक क्रँकवर त्यांचा हात बसलेला असतो. समोर उभं राहून डायल गेज लावायला सांग, ०.०३ मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे, डोळ्याने बरोबर आहे हे चालणार नाही.

इंजिन बांधून झालं की प्रेशर टेस्ट केल्याशिवाय फ्रेमवर चढवू नको. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड जुन्या ट्यूबच्या रबराने बंद कर, बीपी बघायच्या जुन्या घड्याळवाल्या मशीनचा फुगा आणि गेज जोड, ३०० पर्यंत पंप कर, ते साधारण ६ पीएसआय होतं, आणि सहा मिनिटं काटा खाली यायला नको. खाली आला तर साबणाचं पाणी लाव. मॅग्नेटच्या बाजूचं सील गळत असेल तर हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतो. क्लचच्या बाजूचं गळत असेल तर गिअरचं तेल ओढलं जातं, पांढरा धूर थांबतच नाही आणि माणूस महिनोन् महिने कार्बोरेटरला दोष देत बसतो.

प्लास्टिक आणि पिवळा रंग. फोटोवरून पिवळा जुळवू नको, चाळीस वर्षांच्या फोटोतले रंग बदललेले असतात, आणि मोबाइलच्या स्क्रीनवर तर अजून वेगळे. खरा पिवळा तुझ्याकडेच आहे, सीटच्या खाली मडगार्डचा जो भाग झाकलेला होता तिथे, नाहीतर नंबर प्लेटच्या मागे, जिथे ऊन कधी पोचलंच नाही. तो तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात जा आणि दुकानाबाहेर उन्हात धरून जुळव. टाकी प्लास्टिकची असेल तर ती रंगवायचीच नाही, पॉलिथिनवर रंग धरत नाही आणि आतून पेट्रोलची वाफ झिरपत राहते, महिन्यात फुगे येतात. तिला वॉटर पेपर मार, २२० पासून सुरू करून ४००, ६००, १०००, २००० असा चढत जा, प्रत्येक पेपरला आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्यावरच पुढचा घे, मग बफिंग. मला विचारशील तर या कामातला सगळ्यात समाधानाचा भाग हाच आहे, दोन-तीन रविवार जातात, दंड भरून येतात, पण करड्या-तपकिरी थराखालून तो लिंबासारखा पिवळा वर येताना बघण्यासारखं दुसरं काही नाही. मडगार्डवर वाकून पांढरे डाग पडले असतील तर हॉट एअर गन लांबून फिरव, बरेचसे जातात.

टाकीवर लावायचे स्टिकर बारीक भोकांचे लागतात, त्याच वाफेमुळे. तुझ्या किटमध्ये तसे आहेत का बघ, नसतील तर तेवढे परत छापून घे. टाकी निदान आठवडाभर रिकामी आणि उघडी ठेवून मगच लाव.

पाइपला कॉस्टिक सोडा चालतो, स्टील आहे, आतला सगळा कार्बन निघतो. दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरून बाहेरून ज्योत लावून डेंट काढायचा प्रकार लोक करतात, मी माझ्या गॅरेजमध्ये करू देत नाही, फुटलं तर हात जातो. पाइप शिवणीवर कापून डेंट आतून ठोकून परत जोडलेला चांगला, आणि त्या वेल्डच्या रेघा दिसल्या तर टीमच्या पाइपवर तशाही असायच्याच, हाताने शंकू जोडून बनवलेले असायचे ते. फक्त तसा उघडा स्टीलचा पाइप आपल्याकडे जूनमध्ये एका रात्रीत लाल होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी गाडी ठेवताना तेलाचं फडकं मारायचंच.

चाकं पुढे २१ आणि मागे १८ इंची. गाडी उभी करून मापं घेण्यापुरता पुढे हिरो एक्सपल्सचा ९०/९० टायर चालतो, मागचा १२०/८० मात्र या गाडीला फार रुंद आहे, चिमट्याला घासेल, मागे मोटोक्रॉसचाच अरुंद आण. स्पोक नवीनच घाल.

या गाडीला लाइट नाही, आरटीओचा नंबर नाही, त्यामुळे टेस्टलासुद्धा कळव्याच्या रस्त्यावर काढायची नाही, टेम्पोत घाल आणि मालकाच्या परवानगीने मोकळ्या जागेवर ने. आखातातून आणल्याचे कस्टमचे कागद काकांच्या ट्रंकेत असतील तर आत्ताच शोध आणि लॅमिनेट न करता फाइलला लाव.

पेट्रोल आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं येतं, ते पाणी धरतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून पाइप, नीडलचं रबर, ओ-रिंग सगळं नवीन, आणि घरी आल्यावर कार्बोरेटरची वाटी दर वेळी रिकामी. जुनी मॅन्युअलं २०:१ सांगतात म्हणजे लिटरला ५० मिली तेल, आजच्या चांगल्या सिंथेटिक तेलावर मी ३२:१ ठेवतो, लिटरला ३१ मिली, पण पहिल्या टाकीला २०:१ च दे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं म्हणून मेन जेट एक नंबर मोठा घालून सुरुवात कर आणि प्लगचा रंग बघत खाली ये.

पहिल्या दिवशी चालू करून लगेच रेस करायची नाही. सिलिंडरला हात लावता येईल इतपत कोमट होईपर्यंत चालव, बंद कर, पूर्ण थंड होऊ दे, अगदी तासभर. परत तसंच, यावेळी थोडं जास्त गरम. तिसऱ्यांदा अजून थोडं. तिसऱ्यांदा थंड झाल्यावर हेडचे नट मॅन्युअलच्या टॉर्कला परत आवळ, रेडिएटरचं पाणी बघ, आणि पहिली फेरी काकांना मारू दे.